बोर्ड छापाल हो, पण टिकेल का?

मी उरणचा. हॉस्टेलवरून घरी जाताना न्हावा शेवाच्या क्रेन दिसतात. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर. खारा वारा, ऊन, दिवसभर हादरे! क्रेनमधला सर्किट बोर्ड गेला की नवा येईपर्यंत थांबा. मग तिथल्या तिथे इंकजेटने छापला तर? चांदीच्या शाईने वाहक रेषा, पॉलिमरच्या शाईने मधले थर. कल्पना झकास!

पण गोची नोझलमध्ये आहे. त्यातून पातळ शाईच उडते, साधारण १० ते २० सेंटिपॉइजची. चिवटपणा देतात लांब साखळीचे रेणू, आणि तेच शाई दाट करतात. म्हणून छोटे ॲक्रिलेट रेणू घेऊन अतिनील प्रकाशात जोडतात. थर कडक होतो, पण ठिसूळ! नेहमीच्या बोर्डात इपॉक्सीला काचतंतूंचा आधार असतो, तो इथे नाही.

उपाय आहेत. थायॉल घालून रेणूंची जाळी लवचिक करता येते, नोझल तापवून जरा दाट शाईही चालते. पण आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले प्रिंटर बघूनच हुरळतो, शाईचं केमिकलवाले बघतील म्हणतो. माझं मत, फायनल इयरचा प्रोजेक्ट दोघांनी मिळून करावा. छापलेला नमुना वाकवून, आपटून, खाऱ्या हवेत ठेवून मगच मार्क द्यावेत. सर, पटतंय का बघा!