उकिरड्यावर जंगल होतं!

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच साली मुंबई देवनारला कचरा ओतायला लागली. पाणी नाकारणाऱ्यांनी घाण मात्र भरभरून दिली.

उकिरड्यावर काय उगवणार म्हणता? धारावीला जाऊन बघा. तिथंही डंपिंगच होतं. १९८३ साली सलीम अलींनी पहिलं झाड लावलं, १९९४ ला ३७ एकरांचं निसर्ग उद्यान उघडलं. मग गोवंडीच्या पोरांनी झाड पुस्तकातच का बघायचं?

दोस्तहो, आम्हाला पिकनिक नको. देवनारची जमीन साफ करा, कामावर वस्तीतलीच माणसं घ्या, शाळा झाडाखाली भरवा. कचरा वेचणारी आमची आई तिथली मास्तरीण. मी गोदीत ओझी उचलतो, खड्डेही खणीन. पण झाडं वाढल्यावर कुंपण घालून आम्हालाच हाकलाल, तर कुंपण उपटू!