वही भरली, पण वाचता येतं का?

मूल शाळेतून आलं की आपण आधी काय बघतो? वही. पानं भरलेली, खाली लाल शाईत बरोबरची खूण. झालं आपलं समाधान! पण त्या पानांवर मुलाचं स्वतःचं वाक्य किती? बाईंनी फळ्यावर लिहिलं, मुलानं उतरवून घेतलं, एवढंच.

२०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम २३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६ होता. सुधारणा आहे, पण उरलेल्या ७७ जणांचं काय? पुढच्या इयत्तांत सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. तिथे अडखळलेल्या मुलीला ‘हिला डोकंच नाही’ म्हणून घरकामाला जुंपलं जातं, हे आपण पाहिलेलं आहे.

याचं एक कारण तासाच्या वाटणीत आहे. बाई बोलतात, मुलं ऐकतात. एखादं हुशार मूल उभं राहून वाचतं, बाकीची ओळीवर बोट फिरवतात. चाळीस मिनिटांत बहुतेकांच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही.

हाच तास वेगळा वाटून बघा. पहिली दहा मिनिटं बाईंनी गोष्ट वाचून दाखवायची. पुढची पंधरा मिनिटं मुलांनी जोडीजोडीनं, आपल्याला झेपेल ते पुस्तक वाचायचं. तेवढ्यात बाई मागे पडलेल्या चार-पाच जणांजवळ बसतील. मग दहा मिनिटं मनातलं लिहायचं: घरची शेळी, आठवड्याचा बाजार, आजीशी झालेलं भांडण. उरलेली पाच मिनिटं ते एकमेकांना वाचून दाखवायला.

एका खोलीत दोन-तीन इयत्ता आणि वर सरकारी कामं, अशा ठिकाणी हे सोपं नाही, मान्य. पण अडचण आपलीही आहे. वही कोरी दिसली की ‘आज काही शिकवलंच नाही का?’ म्हणून आपणच बाईंना जाब विचारतो. मग त्या फळा भरतात!

शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ती जागा नुसत्या सहीपुरती नाही. पुढच्या सभेत पोषण आहाराबरोबर एवढंही विचारा, “माझं मूल वर्गात रोज किती मिनिटं स्वतः वाचतं आणि लिहितं?”

आणि घरी त्यानं मोडकंतोडकं चार ओळींचं काही लिहून आणलं, तर वेलांटी नंतर बघा. आधी ते वाचा तरी!