तारेच्या खांबाखाली कोण गाडले गेले?

इंग्रजी राज्याचा विषय निघाला की आपल्याकडील एका वर्गाचे उत्तर ठरलेले असते. 'काही म्हणा, साहेबाने रेल्वे दिली, तारायंत्र दिले!' हे वाक्य शाळेत शिकवले जाते आणि सुशिक्षितांच्या बैठकीत निःशंकपणे उच्चारले जाते. या 'देण्या'चे खरे स्वरूप पाहायचे असेल, तर थोडे दूर, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासा बंदरात जावे लागेल.

१८९५ साली ब्रिटिशांनी या प्रदेशावर आपले 'संरक्षण' जाहीर केले. लगेच १८९६ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकण्यास प्रारंभ झाला. हेतू आफ्रिकी जनतेच्या प्रवासाची सोय हा नव्हता. नाईल नदीचा उगम हाती राहावा, युगांडा जर्मनांच्या तावडीत जाऊ नये, हे राजकारण त्यामागे होते. १९०१ च्या डिसेंबरात, सुमारे ९३० किलोमीटर अंतर कापून रूळ सरोवराकाठी पोहोचले. इतिहासाच्या पुस्तकात श्रेय मिळाले ते मुख्य अभियंता जॉर्ज व्हाइटहाउस यांना.

आणि राबले कोण? सुमारे ३२ हजार भारतीय करारबद्ध मजूर! बहुतांश पंजाबातील. हिंदू, शीख, मुसलमान. कराचीच्या बंदरातून जहाजे भरभरून ते नेले गेले. महिना पंधरा रुपये, शिधा आणि तीन वर्षांचा करार, हे त्यांचे मोल. त्यांतील जवळपास अडीच हजार मजूर तेथेच मातीला मिळाले. म्हणजे लोहमार्गाच्या प्रत्येक मैलामागे चार प्रेते. सहा हजारांहून अधिक जण रोगाने वा अपघाताने निकामी होऊन परतले.

रुळांबरोबर तारेची लाइनही पुढे सरकत होती. त्या काळी एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाकडून तारेने 'लाइन क्लिअर' मिळाल्याखेरीज गाडी सोडता येत नसे. तार नाही, तर रेल्वे नाही. तारूच्या निर्जल, काटेरी रानात पिण्याचे पाणीसुद्धा मागून आगगाडीने आणावे लागे. अशा मुलुखात झाडे तोडून, खड्डे खणून खांब रोवायचे, तार ताणायची आणि जिराफांच्या माना अडकून ती तुटली की पुन्हा जोडायची! पुढे याच मार्गावरील स्थानकांत तारबाबू, स्टेशनमास्तर आणि गार्ड म्हणून दिवसरात्र बसले तेही प्रामुख्याने भारतीयच.

१८९८ साली त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी कहर केला. रात्री तंबूंतून माणसे ओढून नेली जात होती. कर्नल पॅटर्सन यांनी डिसेंबरात ते सिंह मारले, १९०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि ते जगप्रसिद्ध झाले. पॅटर्सन यांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते दोन सिंह आज शिकागोच्या संग्रहालयात पेंढा भरून, काचेआड, सन्मानाने उभे आहेत. त्यांनी ज्यांना फाडून खाल्ले, त्या मजुरांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? भक्षकाला संग्रहालय आणि भक्ष्याला विस्मृती, हाच का तो सुसंस्कृत न्याय?

ही तार कोणासाठी होती, हे तेथील नांदी जमातीने मात्र अचूक ओळखले. त्यांनी तारा तोडून दागिने घडवले, रुळांचे बोल्ट उपटून शस्त्रे केली. साहेबाच्या दफ्तरात त्याची नोंद 'चोरी' अशी झाली. पण तारेवरून हुकूम येतो आणि हुकमामागून पलटण येते, हे ज्याला कळले त्याने ती तोडली, तर तो चोर की स्वातंत्र्ययोद्धा? नांदींचा नेता कोइतालेल याला १९०५ मध्ये बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून गोळ्या घातल्या गेल्या. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेनेच पंजाबातील इंग्रजाला वेळीच सावध केले होते.

कोणी म्हणेल, 'पैसा तर ब्रिटिश तिजोरीतून गेला ना?' होय, गेला. पन्नास लाख पौंडांहून अधिक. परंतु ती राज्यविस्ताराची गुंतवणूक होती, दान नव्हे. दान असते, तर ज्यांच्या घामावर मार्ग उभा राहिला त्यांना त्याच्या कडेची जमीन नाकारली गेली नसती. केनियाच्या सुपीक उंच प्रदेशातील जमिनी केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवण्याचे धोरण १९०८ साली स्पष्ट झाले आणि १९२३ च्या श्वेतपत्रिकेने ते कायम ठेवले. साहेबाला भारतीयाचे मनगट हवे होते. भारतीय शेजारी नको होता! पुढे याच मार्गाने युगांडात जाऊन स्थिरावलेल्या भारतीय समाजावर १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडण्याची वेळ आणली. वसाहतवादाने भारतीयाला गोरा आणि काळा यांच्या मधोमध उभे केले होते. साहेब निघून गेला आणि रोष मात्र भारतीयाच्या वाट्याला आला.

केनियाने २०१७ साली आपल्या आशियाई नागरिकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. आफ्रिकेने आठवण ठेवली. प्रश्न भारताचा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत या बत्तीस हजारांसाठी एक परिच्छेद तरी आहे काय? रेल्वे आणि तार या उपयुक्त गोष्टी आहेत, हे कोणी नाकारत नाही. पण त्या साहेबाने 'दिल्या' असे म्हणणे म्हणजे राबणाऱ्या हातांचा अपमान आहे. यापुढे ते वाक्य घरात वा वर्गात कानी पडले, तर शांतपणे एवढेच विचारावे: तारेचे खांब रोवले कोणी?