चित्राला घरात एक वार द्या

पालकसभेत मुलांच्या चित्रकलेच्या वह्या दाखवल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं. "मॅडम, मी पण शाळेत असताना छान चित्रं काढायची. आता कुठं जमते!" बोलणारी बहुतेक आईच असते, कधी कधी बाबाही असतात. कुणाला इंटरमिजिएटला चांगली ग्रेड मिळालेली असते, तर कुणाचं चित्र शाळेच्या फलकावर लागलेलं असतं. मग लग्न, नोकरी, शेती, लेकरं. रंगपेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते आणि तिथेच वाळते. पुन्हा सुरू करा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. वेळ नाही, आणि आता तशी प्रेरणाच मिळत नाही.

मला वाटतं, प्रेरणा हा शब्द इथे उगाचच मध्ये येतो. सकाळच्या डब्यासाठी आपण प्रेरणेची वाट पाहत नाही. सात वाजता डबा लागतो, म्हणून पोळ्या होतात. चित्र थांबतं ते मन आटलं म्हणून नाही. घराच्या दिवसात त्याला ठरलेला वार नसतो आणि ठरलेली जागा नसते, म्हणून ते थांबतं.

आपल्या आज्या आठवून बघा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ होता का? पाणी भरणं, दळण, सारवण, निंदण, वर पाचसहा लेकरं. तरी दारात रोज रांगोळी पडायची, नागपंचमीला भिंतीवर नाग निघायचा, दिवाळीला गेरू आणि चुन्याने ओटा सजायचा, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल रंगायचा. त्याला कुणी छंद म्हणत नव्हतं. सण आला की हात रंगात जायचाच. आता भिंतीला ऑइल पेंट आहे, तो खराब होईल म्हणून कुणी हात लावत नाही. नागाचं छापील चित्र दुकानात मिळतं आणि दारात रांगोळीचं स्टिकर असतं. चित्र काढायचा ठरलेला दिवसच घरातून गेला, आणि त्याच्या जागी 'वेळ मिळेल तेव्हा' आलं. वेळ मिळेल तेव्हा काहीच होत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

हीच गोष्ट मिथिलेत मोठ्या प्रमाणावर दिसली. बिहारमधल्या मधुबनी भागात लग्नघराच्या भिंती बाया पिढ्यान् पिढ्या रंगवत आल्या होत्या. 1966-67 च्या सुमारास तिथे मोठा दुष्काळ पडला. बायांच्या हाताला काम मिळावं म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. त्यांनी भिंतीवरचं तेच चित्र कागदावर काढायला सांगितलं, कागद दिला आणि चित्रांना विक्रीची वाट दाखवली. पुढे जगदंबा देवींना 1975 मध्ये, सीता देवींना 1981 मध्ये आणि गंगा देवींना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. एक मराठी माणूस या गोष्टीच्या मुळाशी आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

यात कुणी जाऊन प्रेरणा दिली, असं मला दिसत नाही. हात तयारच होता, कारण प्रत्येक लग्नाने त्याला कामाला लावलं होतं. बाहेरून आल्या त्या तीन साध्या गोष्टी. कागद आला, कामाचं मोल आलं, आणि तुझं हे चित्र महत्त्वाचं आहे असं म्हणणारा एक माणूस आला. आपल्याकडे डहाणूच्या बाजूला वारली लग्नात चौक काढणाऱ्याही सुवासिनीच. घर सांभाळणारी बाई चित्र काढू शकत नाही, हे आपणच अलीकडे ठरवलेलं दिसतं.

आता कुणी विचारेल, शिक्षणाच्या ब्लॉगवर पालकांच्या चित्राचं काय काम? काम आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याला तर जवळचं आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताईबद्दल सगळ्यांना माहीत असते, पण त्या अभ्यासक्रमात चित्रकलाही होती. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. ते स्वतः चित्रकार आणि कुंभारकाम करणारे. मुलांसोबतच्या त्या वर्षांतून त्यांचं 'शिक्षा का वाहन कला' हे पुस्तक आलं. कला हा वेळापत्रकातला एक सुटा तास नाही, शिक्षणाचा पायाच आहे, हा त्यांचा आग्रह. सेवाग्रामच्या मुलांना रंग शिकवणारा माणूस स्वतः रंगात आणि मातीत हात घालणारा होता, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आज काय होतं? मुलाला आपण ड्रॉइंगच्या क्लासला घालतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून एलिमेंटरी, इंटरमिजिएट करून घेतो. पण मोठं माणूस स्वतःच्या आनंदासाठी चित्र काढतंय, हे दृश्य त्याने घरात पाहिलेलंच नसतं. पहिली-दुसरीतलं लेकरू बेधडक हत्ती काढतं. चौथी-पाचवीत तेच "मला नाही येत" म्हणायला लागतं. त्याला वाटतं, चित्र ही लहानपणी करायची आणि मोठेपणी सोडायची गोष्ट आहे. असं वाटण्यात त्याची चूक नाही. आजूबाजूला त्याला तेच दिसतं. आईचा हात थरथरतो, रंग ओघळतो, ती हसते आणि दुसरा कागद घेते, हे लेकराने एकदा तरी बघावं. चुकलं तरी चालतं हे वर्गात मी शंभरदा सांगते. घरात ते एकदा दिसलं तर माझं बोलणं त्याला खरं वाटेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आठवड्यातला एक वार आणि अर्धा तास ठरवा. आमच्या घरी रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ आहे. चटई टाकायची, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, मुलं एका बाजूला आणि आपण एका बाजूला. त्यांचं चित्र दुरुस्त करायचं नाही, आपलं आपण काढायचं.

महागडं सामान नको. ड्रॉइंग शीटचे आठ तुकडे केले की एका बैठकीला एक तुकडा पुरतो, आणि छोटा कागद पूर्ण होतो म्हणून हुरूप राहतो. पेन्सिल, काळा पेन, मुलांचेच पोस्टर कलर चालतात. शिशिर संपता संपता पळस फुलतो, त्याचं पाणी काढा. हळद, गेरू, चुलीतला कोळसा आहेच. रंग वरच्या कप्प्यात ठेवू नका, हाताला येतील असे ठेवा. विषय शोधत बसू नका. फुटलेलं कपाशीचं बोंड, संत्र्याची फोड, दारातली सायकल, पवनारला धामच्या पात्रातले खडक. सेवाग्रामला सहल गेली की बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवरचं मीराबेनच्या हातचं उठावाचं काम थांबून बघा. माती आणि हात, एवढंच सामान आहे त्यात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. हा अर्धा तास आईला आपोआप मिळत नाही. तिने चित्राला बसायचं आणि मधेच "चहा ठेवतेस का?" असं व्हायचं, मग पुढच्या रविवारी ती बसतच नाही. तेव्हा बाबांनी, सासूबाईंनी, मोठ्या मुलांनी तेवढा वेळ घर सांभाळावं. ज्या घरात बाबांचा ब्रश सुटला असेल, तिथे आईने त्यांना बसवावं. मिथिलेत कागद देणारं कुणीतरी दारात उभं राहिलं होतं. आपल्या घरात ते काम घरच्यांनाच करावं लागेल.

"आता हात बसला, पूर्वीसारखं येत नाही," असंही म्हणतात. नाही येणार लगेच. पण तुमचं चित्र आता परीक्षेला जाणार नाही, कुणी ग्रेड देणार नाही. दहा रविवार गेले की रेघ मोकळी व्हायला लागते.

शिक्षक मित्रमैत्रिणींनाही एक विनंती. पुढच्या पालकसभेत सह्या आणि गुणपत्रकं झाली की पालकांना एकेक कोरा कागद आणि खडू द्या. पंधरा मिनिटं काहीही काढू द्या. ती चित्रं नावासकट वर्गाच्या भिंतीवर लावा, मुलांच्या चित्रांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी लेकरं त्या भिंतीपुढे काय बोलतात ते ऐका आणि कमेंटमध्ये नक्की कळवा.