दप्तरात नसलेला कैदी

राजसत्ता एखाद्या मनुष्यास कारागृहात टाकते तेव्हा त्याच्यामागे सहसा काही कागद उरतात: अटकेचा हुकूम, आरोपपत्र, साक्षीदारांच्या जबान्या, न्यायाधीशाचा निवाडा आणि शिक्षेची मुदत. हे कागद धडधडीत अन्यायाचे असू शकतील. परंतु अन्यायाचा का होईना, कागद असला म्हणजे त्यावर दाद मागता येते, अपील करता येते, आणि काहीच न साधले तरी सुटकेचा दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजता येतो. तांबड्या समुद्राच्या काठी वसलेल्या एरिट्रिया देशात दावित इसाक नावाचे एक संपादक २३ सप्टेंबर २००१ पासून बंदिवासात आहेत, आणि त्यांच्या नावाचा असा एकही कागद आजवर कोणत्याही न्यायासनापुढे रुजू झालेला नाही.

त्यांचा अपराध कोणता, हे मात्र साऱ्या जगास ठाऊक आहे. १९६४ साली अस्मारा शहरी जन्मलेला हा लेखक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत १९८७ साली स्वीडनच्या आश्रयास गेला, तेथे साफसफाईची कामे करून त्याने पोट भरले आणि १९९२ साली त्या देशाचे नागरिकत्व मिळविले. पण तीस वर्षांच्या झुंजीनंतर मातृभूमी स्वतंत्र झाल्याचे पाहताच परदेशातील स्वास्थ्य सोडून तो माघारी आला, आणि ‘सेतित’ या देशातील पहिल्या स्वतंत्र वृत्तपत्राचा सहमालक व संपादक झाला. सेतित ही त्या कोरड्या देशातील बारमाही वाहणारी एकमेव नदी. पत्राला तिचे नाव देणाऱ्यांच्या मनातील आशा वेगळी सांगावयास नको. २००१ साली सत्ताधारी पक्षाच्याच पंधरा ज्येष्ठ नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष इसायास आफवेर्की यांना अनावृत पत्र लिहून घटनेची अंमलबजावणी व निवडणुका यांची मागणी केली, आणि ‘सेतित’ने ती वाचकांपर्यंत पोहोचविली. १८ सप्टेंबर रोजी त्यांपैकी अकरा नेते पकडले गेले, सारी स्वतंत्र वृत्तपत्रे एका फर्मानासरशी बंद झाली, आणि पाचच दिवसांनी शिपाई इसाक यांच्या दाराशी आले.

अटक केलेल्या माणसास ४८ तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केले पाहिजे, असे एरिट्रियाची १९९७ ची राज्यघटना सांगते. ती घटना संमत झाली, पण कधी अमलात आली नाही. २००५ च्या नोव्हेंबरात इसाक यांना अकस्मात सोडण्यात आले, आणि दोनच दिवसांनी पुन्हा कैद करण्यात आले. खटला चालविणार नाही आणि सोडणारही नाही, असे राष्ट्राध्यक्षांनी २००९ साली एका मुलाखतीत बेमुर्वतपणे सांगितले. २०१६ साली परराष्ट्रमंत्र्यांनी ते जिवंत असल्याचे म्हटले, पण पुरावा दिला नाही. एका पत्नीने आणि तीन लेकरांनी ही एवढी वर्षे कशाच्या आधारावर काढावीत?

मराठी वाचकास हा प्रसंग परका वाटू नये. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या परकीय सरकारलाही ज्यूरी बसवावी लागली, आरोपीचे दिवसानुदिवस चाललेले भाषण ऐकून घ्यावे लागले, आणि नऊपैकी दोघा पंचांनी त्यांना निर्दोष ठरविले, हेही दप्तरात नमूद करावे लागले. त्यापूर्वी, १८९७ च्या अठरा महिन्यांच्या शिक्षेच्या वेळी, ज्यांनी टिळकांना कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, केवळ ‘ओरायन’ या ग्रंथावरून ओळखले होते, त्या ऑक्सफर्डच्या मॅक्सम्युलर यांनी त्यांच्या मुक्ततेसाठी महाराणीकडे केलेल्या अर्जावर सही केली. आणि १८९८ च्या सप्टेंबरात टिळक मुदतीपूर्वी सुटले. एका दूरस्थ, अपरिचित विद्वानाच्या सहीचे हे ऋण महाराष्ट्राच्या डोक्यावर आहे, आणि ते ज्याचे त्यास फेडता येत नसेल तर दुसऱ्या कोणा संपादकासाठी सही करूनच फेडले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अशा चळवळींनी हुकूमशहा अधिकच हट्टास पेटतो, यास्तव पडद्याआडून बोलणी करावीत, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. कारण हट्टाची किंमत चळवळ करणाऱ्यास नव्हे, कोठडीतील माणसास मोजावी लागते. परंतु स्वीडनच्या सरकारने हा मूक मुत्सद्देगिरीचा मार्ग वर्षानुवर्षे अनुसरला, आणि इसाक अद्याप घरी आलेले नाहीत. २००९ साली तेथील चार प्रमुख दैनिकांनी आपसातील स्पर्धा बाजूस ठेवून दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, २०१७ साली युनेस्कोने आपला वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पुरस्कार या कैद्यास दिला. त्यानेही दरवाजा उघडला नाही, हे खरे. मात्र ज्या राज्याने माणूस दप्तराबाहेर ठेवून विस्मृतीत ढकलण्याचा बेत केला, त्याच्या परराष्ट्रमंत्र्याला पंधरा वर्षांनीही त्याच माणसाविषयी उत्तर द्यावे लागते, ते कुणीतरी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहिल्यामुळे. ज्याची नोंद कारागृहात नाही, त्याची नोंद या सह्यांत, अर्जांत आणि पुरस्कारांच्या यादीत आहे. ज्या दिवशी ती थांबेल, त्या दिवशी त्या सरकारला काही करावयाचे उरणार नाही.

म्हणून मागणे थोडके आहे. भारताने एरिट्रियाशी असलेल्या संबंधांचा उपयोग करून इसाक यांच्या हयातीचा पुरावा मागावा, यासाठी वाचकांनी परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करावेत. आणि दरवर्षी २३ सप्टेंबर रोजी मराठी दैनिकांनी पहिल्या पानाच्या एखाद्या कोपऱ्यात दावित इसाक हे नाव, अटकेची तारीख आणि तेव्हापासून लोटलेल्या दिवसांची संख्या छापावी. त्यास दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही, आणि ते सुटून येतील त्या वर्षी तीही मोकळी होईल.