आबांचं पोट भरलेलं नसतं

जत्रेचं जेवण. आबा पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या भुरके मारत संपवतात, तांबड्यात भाकरी कुस्करून खातात. मटणाची फोड मात्र या गालातून त्या गालात फिरत राहते आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून भाकरीच्या तुकड्याखाली दडते. "आबा, घ्या की अजून." "नको रं, पोट भरलंय."

पोट कुठलं भरतंय? दाढा नाहीत.

म्हातारं माणूस कमी जेवायला लागलं की आपण "वय झालं" म्हणून विषय मिटवतो. त्याआधी एकदा तोंडात बघा. बत्तिसातले वीस दात शाबूत असले तर बहुतेक सगळं चावता येतं. जपानात 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीमच 1989 पासून चालू आहे. दाढा गेल्या की आधी मटण सुटतं, मग शेंगदाणे, काकडी, गाजर, पेरू. उरतं काय, तर चहात बुडवलेली खारी, बटर, बिस्किटं, शिरा, मऊ भात. पोटाला आधार होतो, पण प्रथिनं नाहीत, चोथा नाही, क जीवनसत्त्व नाही. हळूहळू विजार सैल होते, जिना चढताना पाय लटपटतात, पोट साफ होत नाही. मधुमेह असला तर या मैदा-साखरेनं तो आणखी बिघडतो.

"रस्सा पितात की रोज" यावर समाधान मानू नका. रश्श्यात चव, तेल आणि मीठ. ताकद राहते फोडीत. म्हणून फोडच द्या, पण खिमा करून, किंवा कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊन. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरात पिठलं, मुगाचं घट्ट वरण, दही, हुलग्याचं माडगं आहेच. शेंगदाणे बंद करायचे नाहीत, त्यांचा कूट करायचा. काकडी-गाजर किसून कोशिंबीर करा, वरून लिंबू पिळा. पपई, केळं, चिकू चालतात. नाचणीची आंबील तर हाडांसाठीही चांगली. एक मात्र करू नका: सगळं ताट मिक्सरमध्ये घालून लगदा. चार चवी वेगळ्या लागल्या तरच घास गोड लागतो. आबा काही तान्हं बाळ नव्हेत.

आता कवळीचं. बऱ्याच घरांत ती डब्यात असते आणि लग्नकार्यालाच बाहेर येते. विचारलं तर "टोचते". दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, त्यामुळे जुनी कवळी सैल होणारच. ती डॉक्टरांकडे नेऊन बसवून घ्या, घरी कानशीनं घासू नका. नवी असेल तर पहिले काही दिवस मऊ खा, लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. कवळीनं खऱ्या दातांइतका जोर येत नाही, हेही आबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी ऊस सोलायला घेतील.

दात दाखवायचे तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दंत विभाग आहे, नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे. केंद्राच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्म्याबरोबर कवळीही मिळते. गावाजवळ शिबिर लागलं तर चौकशी करा. दात काढला की डोळे जातात, ही भीती निव्वळ खोटी. त्या भीतीपायी लोक सडका दात वर्षानुवर्षं सांभाळतात आणि त्या बाजूनं चावणंच सोडतात.

आजींचं वेगळं सांगायला हवं. दात ठणकला की मिसरी लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. ठणका क्षणभर दबतो, पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्या खराब होतात आणि सवय सुटत नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर कवळीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ती जखम डॉक्टरांना दाखवा.