पक्ष्यांची लाल यादी राज्यानेही करावी




आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत एखादा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला की त्याची संख्या वाढली, असा अर्थ बातम्यांतून सर्रास काढला जातो. तर ‘किमान चिंता’ या वर्गातील पक्ष्याविषयी शासनाने काही करण्याची गरजच नाही, असे गृहीत धरले जाते. हे दोन्ही समज चुकीचे असून त्यांची किंमत राज्यातील माळराने आणि शुष्क पानझडी जंगले मोजत आहेत. म्हणूनच महाराष्ट्राने पक्ष्यांची स्वतःची लाल यादी तयार करणे निकडीचे झाले आहे.

या संदर्भात रानपिंगळ्याचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीलायक नमुना कोणालाही मिळाला नव्हता. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी संग्रहालयातील एका नमुन्याला होती आणि त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कातडे भरण्याची व शिवण्याची धाटणी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात तयार केलेल्या जुन्या नमुन्यांची निघाली. म्हणजे चोरलेल्या नमुन्याला नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध पुन्हा खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी सकाळच्या उजेडात झाडावर बसलेला सापडला. पुढे मेळघाट, तानसा आणि शेजारच्या मध्य प्रदेश व गुजरातेतील जंगलांतही तो आढळला आणि २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. हा बदल माहिती वाढल्यामुळे झाला, पक्षी वाढल्याचा तो पुरावा नाही. लाल यादीची पद्धत स्वतःच या दोन कारणांत फरक करते, मात्र बातमीच्या मथळ्यात तो उरत नाही. ज्या जुन्या झाडांच्या ढोलीत रानपिंगळा घरटे करतो, ती झाडे तोडण्यास वर्गातील अशा बदलाने परवानगी मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

दुसरा समज अधिक घातक आहे. लाल यादीचे निकष केवळ ‘पक्षी किती उरले’ एवढेच विचारत नाहीत. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल, त्या काळात संख्या किती टक्क्यांनी घटली, हाही त्यांतील एक प्रमुख निकष आहे. भारतातील पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी अतिशय विपुल होते. परंतु जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत गुरांच्या मांसातून त्याच्या पोटात गेल्याने १९९२ ते २००७ या काळात त्याची ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींपैकी १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिले गेले. शिवाय तोवर ‘किमान चिंता’ वर्गात असलेल्या नीलपंखासह (यालाच चास असेही म्हणतात) १४ जातींचे पुन्हा मूल्यांकन व्हावे, अशी शिफारसही केली गेली. शेताच्या बांधावरील तारेवर बसलेला ओळखीचा पक्षी विरळ होत जातो, तेव्हा ते जागतिक वर्गात उमटायला वर्षे लागतात.

शिवाय जागतिक वर्ग म्हणजे संपूर्ण वावरक्षेत्राची गोळाबेरीज असते. एखाद्या राज्यातील स्थिती त्यातून कळत नाही. प्रादेशिक मूल्यांकनासाठी संघाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत, परदेशांतील अनेक याद्या त्यांच्या आधारे तयार होतात आणि पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी महाराष्ट्रातही विपुल आहेत. अशी यादी दर काही वर्षांनी सुधारली जावी, प्रत्येक बदलासोबत तो पक्ष्यांच्या संख्येतील आहे की माहितीतील, हे छापले जावे आणि प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांत जागतिक वर्गाबरोबर राज्यातील वर्ग देणे बंधनकारक व्हावे. गवताळ माळाला महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणण्याची सवय लक्षात घेता माळावरच्या पक्ष्यांपासून ही सुरुवात होणे योग्य ठरेल. त्यासाठी ठरलेल्या मार्गांवर ठरलेल्या हंगामात पुनःपुन्हा गणना करावी लागेल, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी न दिसलेल्या फेरीची नोंदही तो दिसलेल्या फेरीइतक्याच काळजीने ठेवावी लागेल.

– एक वाचक, नाशिक